पारदर्शक टपाची भेग

१९५४ साली अमेरिकेतील फोर्ड कंपनीने ‘क्रेस्टलाइन स्कायलायनर’ या नावाची जी मोटारगाडी बाजारात आणली, तिच्या पुढच्या आसनांवरील टपाच्या भागात पोलादी पत्र्याऐवजी हिरव्या छटेच्या पारदर्शक अॅक्रिलिकचे तावदान बसविलेले होते. आणि त्याच वर्षी त्याच उद्योगसमूहाच्या मर्क्युरी शाखेने ‘मॉन्टेरे सन व्हॅली’ या आपल्या गाडीला तसेच छप्पर देऊन, उघड्या गाडीतील आकाशदर्शनाचा आनंद आणि बंद गाडीतील निवारा ही दोन्ही सुखे एकाच किमतीत मिळतील अशी ग्वाही ग्राहकांना दिली. ही ग्वाही खोटी नव्हती, परंतु अपुरी होती. कारण उन्हाळ्याच्या दिवसांत प्रवाशांना आकाशाबरोबर त्या आकाशातील सूर्याचा तापही सोसावा लागे, आणि म्हणून तावदानाच्या आतल्या बाजूने लावावयाच्या पडद्याची तजवीज करणे भाग पडले. मर्क्युरीच्या या गाड्या पहिल्या वर्षी ९,७६१ तयार झाल्या, दुसऱ्या वर्षी अवघ्या १,७८७. फोर्डच्या ‘क्राउन व्हिक्टोरिया स्कायलायनर’ची संख्या १९५५ साली १,९९९ होती ती १९५६ साली ६०३ वर आली, आणि पारदर्शक टपाचा तो पहिला अध्याय तेथेच आटोपला.

कल्पना मात्र मावळली नाही. शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही दोन आसनांची वेगवान गाडी १९५३ सालापासून काचतंतूंच्या अंगाने नटलेली अशी प्रसिद्ध होती. १९६८ साली तिच्या टपाला उचलून काढता येणारे दोन तक्ते आले, १९७८ साली त्या तक्त्यांच्या जागी काचेचे तक्ते मागून घेण्याची सोय झाली, आणि १९८४ च्या नमुन्यापासून मधला आडवा दांडा काढून टाकून सबंध टप एकाच तुकड्याचा करण्यात आला. हा तुकडा चार बोल्टांनी बसविलेला असतो व गाडीबरोबर दिलेल्या खास पान्यानेच तो सोडवावा लागतो. आणि ज्यांनी जादा रक्कम मोजली त्यांना तो रंगछटेच्या पारदर्शक अॅक्रिलिकचा मिळे. अशा गाड्या आज चाळीस वर्षांच्या घरात पोहोचल्या आहेत, स्कायलायनर तर सत्तरी ओलांडून गेली आहे. आणि एके दिवशी त्यांच्या मालकास डोक्यावरील त्या स्वच्छ पृष्ठभागात बोल्टाजवळून निघालेली एक बारीक चकाकती रेषा दिसते, तेव्हा त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच या प्रकरणाचा विषय होय. ही भेग भरावी, की सबंध तावदानच बदलावे?

हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा व खर्चाच्या हिशेबाचा वाटतो. परंतु त्याचे खरे उत्तर पदार्थाच्या स्वभावात दडलेले आहे. अॅक्रिलिकमध्ये भेग क्वचितच अकस्मात पडते. बहुधा ती दीर्घकाळ साठलेल्या ताणाचा दृश्य दाखला असते, आणि ज्या ताणाने ती निर्माण झाली तो ताण तसाच ठेवून केवळ भेग बुजविणे म्हणजे तक्रार न वाचताच अर्ज दप्तरी दाखल करण्यासारखे आहे. म्हणून दुरुस्तीच्या हत्यारांकडे वळण्यापूर्वी या पदार्थाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पदार्थाचा स्वभाव

रसायनशास्त्र ज्याला पॉलिमिथिल मेथाक्रिलेट म्हणते, त्या बहुवारिकाचे बाजारातील सुटसुटीत नाव अॅक्रिलिक. जर्मन रसायनज्ञ ऑटो रोम यांनी १९०१ साली ट्यूबिंगेन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात या वर्गातील पदार्थांचा जो अभ्यास आरंभिला, त्याची परिणती तीन दशकांनंतर डार्मस्टाट येथील त्यांच्या कारखान्यात घडून आली, आणि १९३३ साली ‘प्लेक्सिग्लास’ हे व्यापारी नाव नोंदविले गेले, इंग्लंडात आय. सी. आय. कंपनीतील जॉन क्रॉफर्ड व रोलंड हिल यांनी जवळजवळ त्याच सुमारास ‘पर्स्पेक्स’ सिद्ध केला. पाठोपाठ आलेल्या महायुद्धाने या पदार्थाला विमानात नेले, आणि लढाऊ विमानांच्या चालकांच्या डोक्यावर त्याचे घुमट चढले. या घुमटांचे बारीक तुकडे जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून राहिले तरी डोळा त्यांच्यामुळे चिडत नाही, असे हॅरोल्ड रिडले या इंग्रज नेत्रशल्यविशारदाच्या ध्यानात आले. आणि त्या निरीक्षणाच्या बळावर १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी याच पदार्थाचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवून कृत्रिम नेत्रभिंगाचे नवे युग सुरू केले.

मानवी डोळ्याच्या आत वर्षानुवर्षे निर्विकार राहणारा हा पदार्थ अमोनियाचा अंश असलेल्या काचपुशीच्या द्रवाने किंवा स्पिरिटमध्ये भिजविलेल्या फडक्याने मात्र तडकतो, हे त्याच्या स्वभावातील विलक्षण वैचित्र्य होय. त्याचे गुण थोर आहेत. दृश्य प्रकाशाचा सुमारे ९२ टक्के भाग तो पलीकडे जाऊ देतो. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, तर याची केवळ १.१९ पट असल्याने टपासारख्या उंचावरील भागाचे वजन निम्म्याहून कमी होते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी तो इतर बहुतेक प्लास्टिकांइतका लवकर पिवळा पडत नाही. आणि फुटला तरी साध्या काचेसारख्या सुऱ्यांऐवजी त्याचे तुलनेने मोठे व बोथट तुकडे होतात. परंतु त्याचे तीन दोषही तितकेच ठळक आहेत. त्यावर ओरखडे लवकर उठतात. तो ठिसूळ आहे, म्हणजे ओढला असता धातूप्रमाणे लांबून इशारा न देता एकदम फुटतो. आणि उष्णतेने तो फार वाढतो.

या तिसऱ्या दोषाचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. तापमान एका अंशाने वाढले असता पोलादाची लांबी दर दशलक्ष भागांत १२ भागांनी वाढते, काचेची ९ भागांनी, आणि अॅक्रिलिकची सुमारे ७० भागांनी. याचा अर्थ असा, की १ मीटर लांबीचे तावदान थंडीतील पहाटेपासून दुपारच्या उन्हापर्यंत ५० अंश सेल्सिअसने तापले, तर ते साडेतीन मिलिमीटरने वाढू पाहते, आणि त्याला धरून ठेवणारी पोलादी चौकट तितक्याच तापमानफरकात जेमतेम ०.६ मिलिमीटर वाढते. जवळजवळ तीन मिलिमीटरांच्या या तफावतीला कोठेतरी वाट मिळालीच पाहिजे. ती चिकटद्रव्याच्या लवचिक थरात किंवा सैल भोकात मिळाली नाही, तर तावदानाच्या अंगात ताण म्हणून ती साठून राहते, आणि दर दिवसाच्या उगवत्यामावळत्या उन्हाबरोबर तो ताण चढत-उतरत राहतो.

भेग का पडते

भेगेचे शास्त्र हे मुख्यत्वे विसाव्या शतकाचे अपत्य आहे, आणि त्याचा उगम या प्लास्टिकाच्या फार पूर्वी, जहाजांच्या व विमानांच्या चिंतेतून झाला. सपाट पत्र्याला गोल भोक पाडून तो ओढला, तर भोकाच्या कडेवर ताण सरासरीच्या तिप्पट होतो, असे जर्मन अभियंता गुस्टाफ किर्श यांनी १८९८ साली गणिताने दाखविले. केंब्रिजचे अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ साली हाच विचार लंबगोल छिद्रास लावला, आणि छिद्र जितके लांबट व त्याचे टोक जितके तीक्ष्ण तितका टोकाशी ताण वाढत जातो, असा निष्कर्ष काढला. फार्नबरो येथील विमानसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० साली काचेच्या तंतूंवरील प्रयोगांच्या आधारे या विचारास पूर्णत्व दिले: भेग वाढताना जी साठलेली ऊर्जा मोकळी होते ती नवा पृष्ठभाग निर्माण करण्यास लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक झाली, म्हणजे भेग आपण होऊन धावू लागते, आणि भेग जितकी लांब, तितका तिला धावण्यास लागणारा ताण कमी. कापडाचा दुकानदार काठाला कात्रीची एक लहानशी चीर देऊन मग नुसत्या हातांनी वारभर कापड सरळ फाडून देतो, त्यात जे तत्त्व आहे तेच येथे आहे.

आता हे तत्त्व आपल्या टपास लावून पाहावे. तावदानाच्या कडा करवतीने कापून तशाच खडबडीत ठेवल्या असतील, तर त्या कडेवरील प्रत्येक बारीक दाता ही एक चीर होय. बोल्टासाठी पाडलेले भोक नेमके बोल्टाच्या मापाचे असेल, तर तावदान वाढताना बोल्टावर रेलते, आणि जेथे ताण मुळातच तिप्पट होता तेथेच तो आणखी वाढतो. बोल्ट गरजेपेक्षा अधिक आवळला, अथवा रबरी पट्टी वाळून दगडासारखी झाली, तरी परिणाम तोच. जुन्या गाड्यांच्या पारदर्शक टपांत पहिली भेग बहुधा बोल्टाच्या भोकाशी किंवा कोपऱ्याशी आढळते, तिचे कारण हे आहे.

यात रसायनांची भर पडली, की काम पुरे होते. अॅक्रिलिकवर ताण असताना त्याला स्पिरिट, पेट्रोल, थिनर, ब्रेकचे तेल किंवा अमोनियायुक्त द्रव लागला, तर तो द्रव बहुवारिकाच्या लांब रेणूंच्या मध्ये शिरतो, त्यांची परस्परांवरील पकड सैल करतो, आणि पृष्ठभागाखाली केसाहूनही बारीक अशा असंख्य रेषांचे जाळे उमटते. या जाळ्यातील प्रत्येक रेषा अद्याप पूर्ण भेग झालेली नसते. तिच्या दोन कडांना सांधणारे अतिसूक्ष्म तंतू आत शिल्लक असतात. म्हणूनच असे तावदान पुष्कळ काळ धरून राहते, आणि म्हणूनच ते फसवे असते; कारण ताण तसाच राहिला की हे तंतू एकामागून एक तुटतात व जाळ्यातील एखादी रेषा खरोखरीची भेग होऊन बसते. गाडी चकचकीत ठेवण्याच्या हौसेने काच पुसण्याचाच द्रव टपावर फवारणारा मालक स्वतःच्या प्रेमळ हातांनी आपल्या टपाचे आयुष्य कमी करीत असतो.

परीक्षा

दुरुस्तीचा निर्णय घेण्यापूर्वी आपल्या टपाचा पदार्थ खरोखर अॅक्रिलिकच आहे, याची खातरजमा करावी. आपल्याकडे हल्ली विकल्या जाणाऱ्या सनरूफच्या बहुतेक गाड्यांत टपाला कडक केलेली काच असते, आणि तिला तडा जाण्याचा प्रश्नच बहुधा उद्भवत नाही, कारण ती फुटते तेव्हा एकदम तिचे दाणे होतात. दुरुस्तीचा विचार तेथे सोडूनच द्यावा. काही नव्या परदेशी गाड्यांना पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकचा टप असतो. तो आघातास अॅक्रिलिकपेक्षा कितीतरी चिवट, पण ओरखड्यांस व सूर्यप्रकाशास हळवा असल्याने त्यावर संरक्षक लेप दिलेला असतो, आणि अॅक्रिलिकचे सांधद्रव्य त्याला चालत नाही. काच स्पर्शाला थंड व ठोकली असता खणखणीत वाजते. प्लास्टिक कोमट व मंद वाटते. यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे तावदानाच्या कोपऱ्यावरील छाप वाचणे. अमेरिकेत मोटारीच्या प्रत्येक पारदर्शक भागावर त्याचा वर्ग दर्शविणारी खूण असावी असा सरकारी नियम आहे, आणि कोणत्या जागी काच हवी व कोणत्या जागी कडक प्लास्टिक चालेल हेही त्याच नियमावलीत नमूद केलेले आहे.

नंतर तावदान कोमट पाणी व सौम्य साबण यांनी, मऊ सुती कापडाने, घासण्याऐवजी निथळू देत धुवावे. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे वाळूच्या कणांनी ओरखडे काढणे होय. मग ते सावलीत नेऊन बाजूने तिरपा प्रकाश पाडावा आणि नखाच्या टोकाने पृष्ठभाग चाचपावा. नख जेथे अडते तो ओरखडा. नख जेथे सुरळीत सरकते पण तिरप्या प्रकाशात चांदीच्या कणांसारखे काही चमकते, ते अंतर्गत जाळे. आणि जेथे रेषेच्या दोन्ही बाजूंना प्रकाश तुटल्यासारखा दिसतो व रेषा वरून खाली जाडीभर पोहोचलेली असते, ती भेग. या तिहींवरील उपचार भिन्न आहेत. ओरखडा हा केवळ सौंदर्याचा प्रश्न आहे, आणि तो घासून-उजळून जातो. जाळे उथळ असेल तर घासून कमी होते, पण ते तावदानभर पसरलेले असेल तर पदार्थच वृद्ध झाला आहे असे समजावे. भेगेच्या बाबतीत मात्र तिची लांबी, तिची जागा व तिची दिशा या तिन्हींची नोंद करावी, आणि तिच्या टोकाशी एक बारीक खूण करून काही दिवसांनी ती खुणेपुढे गेली काय हे पाहावे. चालती भेग व थांबलेली भेग यांत तज्ज्ञांच्या दृष्टीने पुष्कळच अंतर आहे.

भेग भरण्याची रीत

तावदानाच्या मध्यभागी, कडेपासून व भोकांपासून दूर, बोटभर लांबीची एकच थांबलेली भेग असेल, तर ती भरण्यास हरकत नाही. त्यासाठी प्रथम तावदान गाडीवरून उतरवून त्याच्या वळणाबरहुकूम आधार द्यावा, म्हणजे काम चालू असता नवा ताण येणार नाही. भेगेचे टोक डोळ्यांना जेथे संपल्यासारखे दिसते त्याच्या किंचित पुढे, साधारण ३ मिलिमीटर व्यासाचे आरपार भोक पाडावे. भेग थांबविण्यासाठी तावदानास आणखी एक भोक पाडावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु इंग्लिस व किर्श यांचे गणित ध्यानात घेतले म्हणजे त्यातील शहाणपण पटते, कारण भेगेच्या तीक्ष्ण टोकाशी जो ताण अनेक पटींनी चढलेला असतो तो गोल भोकाच्या कडेवर पुष्कळच उतरतो. विमानांच्या खिडक्या दुरुस्त करणारे कारागीर ही युक्ती फार पूर्वीपासून योजीत आले आहेत. भोक पाडताना धातूसाठी घासलेले तीक्ष्ण ड्रिल वापरू नये, ते प्लास्टिकात रुतून खेच घेते. धार बोथटलेले किंवा प्लास्टिकसाठीच घडविलेले ड्रिल, मंद गती, हलका दाब, आणि पाठीमागे लाकडाचा तुकडा, एवढी पथ्ये कटाक्षाने पाळावी.

त्यानंतर भेगेची वरची कड इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात खरवडून मोकळी करावी, खालच्या बाजूस चिकटपट्टी लावावी, आणि त्या खाचेत दोन घटकांचे अॅक्रिलिक सांधद्रव्य भरावे. हे सांधद्रव्य मूळ पदार्थाच्याच एकवारिकात त्याचाच चुरा विरघळवून तयार केलेले असते, आणि त्यात उत्प्रेरक मिसळला की खाचेतच त्याचे बहुवारिक बनते. म्हणजे येथे भेग परक्या पदार्थाने न बुजता सजातीय पदार्थाने भरून येते. इपॉक्सी या कामी उपयोगी पडत नाही, कारण ते अॅक्रिलिकशी एकजीव होत नाही आणि त्याचा अपवर्तनांक १.४९ या अॅक्रिलिकच्या अपवर्तनांकापेक्षा अधिक असल्याने सांधा रेषेसारखा दिसत राहतो. झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेट गोंदाने तर ताणलेल्या अॅक्रिलिकवर नवे जाळे निर्माण होण्याचा संभव असतो. आपल्या शहरांतून दुकानांच्या पाट्या घडविणारे कारागीर अॅक्रिलिकचे तुकडे क्लोरोफॉर्मच्या थेंबाने जोडतात, आणि पाटीपुरता तो सांधा पक्काही होतो. परंतु पाटीवर कोणाचे मस्तक विसंबून नसते, आणि पातळ विद्रावक जुन्या, ताणलेल्या तावदानावर ओघळला तर एका भेगेच्या जागी शंभर रेषा उमटतात. शिवाय क्लोरोफॉर्म व तत्सम विद्रावक यांच्या वाफा शरीरास घातक आहेत, आणि हे काम बंद खोलीत कधीही करू नये.

सांधद्रव्य घट्ट होताना आक्रसते, म्हणून ते थोडे उंचवटून भरावे व एक दिवसभर तसेच राहू द्यावे. मग डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर घेऊन, पाण्याचा हात न सोडता, ४०० क्रमांकापासून ६००, ८००, १२०० असे २००० पर्यंत चढत जावे, आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचे ओरखडे पूर्ण नाहीसे झाल्यावाचून पुढे जाऊ नये. शेवटी मऊ कापडाच्या बफाने व प्लास्टिकच्या पॉलिशने उजाळा द्यावा, पण यंत्राचा बफ एका जागी रेंगाळू देऊ नये, कारण सुमारे १०५ अंशांशी हा पदार्थ मऊ होऊ लागतो आणि त्या आधीच घर्षणाच्या उष्णतेने त्यात नवा ताण शिरतो. ज्या कारागिराजवळ नियंत्रित भट्टी आहे त्याने सर्व काम संपल्यावर तावदान ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून अगदी सावकाश निववावे. कापणे, भोके पाडणे व सांधणे यांनी अंगात राहिलेला ताण या एका संस्काराने बव्हंशी निघून जातो. इतके सोपस्कार यथासांग केले तरी सांध्याला मूळ पदार्थाचे पूर्ण बळ येत नाही, ही गोष्ट मालकाने गृहीत धरूनच चालावे.

तावदान बदलणे

भेग कडेला पोहोचली असेल, बोल्टाच्या भोकातून निघाली असेल, चौकटीला जेथे तावदान चिकटविले आहे त्या पट्ट्यात असेल, खुणेपुढे सरकत असेल, किंवा एकीऐवजी अनेक असतील, तर भरण्याचा नाद सोडून तावदान बदलावे. या कडकपणाचे कारण वाऱ्यात आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर येणाऱ्या वाऱ्याचा गतिजन्य दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलोग्रॅम वजनाइतका असतो, आणि टपाच्या फुगीर पाठीवरून वाहताना तो वारा टपास खाली दाबण्याऐवजी वर ओढतो. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग १२० झाला की हाच आकडा ६८ च्या आसपास जातो. दुबळे तावदान अशा वेळी निखळले तर त्याचे तुकडे मागून येणाऱ्या निरपराध माणसाच्या समोर जाऊन पडतात. कॉर्व्हेटच्या १९८४ पासूनच्या पिढीत तर बोल्टांनी आवळलेला टप गाडीच्या सांगाड्याच्या ताठपणासही हातभार लावतो, आणि खड्ड्यांतून जाताना सांगाड्याला पडणाऱ्या पिळाचा काही भाग त्याला सोसावा लागतो.

नवे तावदान कंपनीच्या मापाचे तयार मिळाल्यास प्रश्न सोपा होतो. स्कायलायनरसारख्या दुर्मीळ गाडीसाठी ते घडवून घेण्याची पाळी आली, तर मोटारीच्या कामास मंजूर असलेला ओतीव प्रकारचा तक्ता घ्यावा. साच्यातून दाबून काढलेल्या तक्त्यात मुळातच ताण अधिक असतो. तक्ता १५० ते १७० अंशांवर तापवून, मऊ कापडाने मढविलेल्या लाकडी साच्यावर पांघरून, सावकाश निववला म्हणजे त्याला वळण येते. मात्र ओतीव तक्ता पहिल्यांदा तापविताच लांबी-रुंदीत सुमारे दोन टक्के आक्रसतो, आणि ही गोष्ट न जाणता नेमक्या मापाने कापलेला तक्ता हमखास अपुरा पडतो. वळण दिल्यानंतरच माप घेऊन कापावे, आणि कापलेल्या सर्व कडा घासून काचेसारख्या गुळगुळीत कराव्या. ज्या कडेवर दाता उरला नाही त्या कडेला भेगेस आरंभ करण्यास जागाच मिळत नाही.

बसविताना मुख्य दक्षता एकच: तावदानाला वाढण्यास मोकळीक द्यावी. चौकटीवरील जुने चिकटद्रव्य संपूर्ण खरवडून चौकट सरळ आहे काय ते पाहावे, कारण मुरगळलेल्या चौकटीवर बसविलेले नवे तावदान पहिल्या दिवसापासूनच ताणलेले असते, आणि जुन्या तावदानाची भेग त्या मुरगळण्याचीच कैफियत सांगत असण्याचा पुष्कळ संभव असतो. चिकटद्रव्य ताठ होणारे नसावे; अॅक्रिलिकला मानवणारे, रबरासारखे लवचिक राहणारे पॉलियुरेथेन त्याच्या ठरलेल्या प्रायमरसह वापरावे, आणि त्याचा थर तीन-चार मिलिमीटर जाड राहील असा बंदोबस्त करावा, कारण वर सांगितलेली तफावत त्या थरालाच आपल्या अंगावर घ्यावयाची असते; फार दाबून थर पातळ केला, तर चिकटले पक्के पण फुटणे निश्चित, अशी अवस्था होते. बोल्टांची भोके बोल्टापेक्षा काही मिलिमीटर मोठी ठेवून त्यांत मऊ वॉशर घालावे, बोल्ट कंपनीने सांगितलेल्या जोरापलीकडे आवळू नयेत, आणि जुनी रबरी पट्टी कितीही ठीक वाटली तरी याच वेळी बदलून टाकावी. चिकटद्रव्य मुरण्याची मुदत संपेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

निर्णय

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा, की भेग भरण्याचे कौशल्य दुय्यम आहे आणि भेगेचे कारण शोधण्याची चिकाटी प्रमुख आहे. भेग भरली काय किंवा तावदान बदलले काय, आवळलेला बोल्ट, वाळलेले रबर, मुरगळलेली चौकट, खडबडीत कड आणि चुकीचा पुसण्याचा द्रव यांपैकी जे कारण असेल ते दूर झाले नाही, तर नवे तावदानही जुन्याच जागी तडकेल, फक्त खर्च दुप्पट होईल. ज्यांनी या जुन्या गाड्या आस्थेने जपल्या आहेत त्यांना अस्सलपणाचा मोह समजण्याजोगा आहे, आणि कारखान्यातून निघालेले मूळ हिरवे तावदान टाकून देताना कासावीस होणारा त्यांचा जीवही समजण्याजोगा आहे. त्यांनी ते खुशाल पेटीत जपून ठेवावे किंवा प्रदर्शनात मांडावे, परंतु रस्त्यावर धावणाऱ्या गाडीवर ते ठेवू नये. कडेपासून दूर असलेली, थांबलेली, आखूड भेग भरावी; बाकी प्रत्येक भेगेस तावदान बदलणे हाच उपाय आहे.